चिपची निधनवार्ता

डोन्का भांडखोर नव्हती, असं ब्रेस्तोवो गावात कुणी शपथेवरही सांगणार नाही. टोमॅटो हातात घेऊन बघू न देणाऱ्या भाजीवाल्याशी ती भांडे, वीज कंपनीशी भांडे, चर्चची घंटा दोन मिनिटं उशिरा वाजली म्हणून पाद्र्याशी भांडे, आणि बाहेर कुणीच सापडलं नाही तर घरी नवरा होताच. नवराही काही कमी नव्हता. मिंचोने उमेदीची सगळी वर्षं गावाहून जिल्ह्याला जाणारी बस चालवली. त्याच्या बसमध्ये चढणाऱ्याला तिकिटाबरोबर एक टोमणा फुकट मिळायचा. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य साऱ्या गल्लीला पाठ होतं. एखाद्या सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून आवाज आला नाही, तर शेजारीण पेना कुंपणावरून डोकावून विचारायची, "काय गं, बरं आहे ना सगळं?"

मग मिंचोला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ गेली. डोकं मात्र होतं तसंच राहिलं, आणि खरा छळ तोच होता. डोन्का बोलायची, तो ऐकायचा, त्याचे डोळे चमकायचे, ओठ थरथरायचे, आणि बाहेर पडायचं ते नुसतं घोगरं हुं हुं. डॉक्टर त्याच्यासमोर उभे राहून डोन्काला विचारायचे, "पेशंटला झोप लागते का?" पेना त्याच्या डोक्यावरून म्हणायची, "त्याला थंडी वाजतेय वाटतं." माणूस खुर्चीत बसलेला, आणि सगळे त्याच्याविषयी बोलायचे ते तो खोलीत नसल्यासारखे. डोन्काला हे सहन होईना. आयुष्यभर जिच्या तोंडी कुणी लागलं की ती त्याला पुरून उरायची, तिला आता घरातच भांडायला जोडीदार उरला नव्हता.

ती हात बांधून बसणारी नव्हती. तरुणपणी ती सरकारी कॉम्प्युटर कारखान्यात तारा डाग देऊन जोडायच्या टेबलावर होती. त्या काळी पश्चिमेकडचं एखादं यंत्र कुणीतरी कुठून तरी आणायचं, इंजिनीअर ते खोलायचे, आणि पुढच्या वर्षी तसंच यंत्र आपलं नाव लावून कारखान्यातून बाहेर पडायचं. देशभरातली पोरं त्या यंत्रांवर शिकली. कुणी त्याला चोरी म्हणालं की डोन्का फणकारायची, "नक्कल करायलाही अक्कल लागते. तुझ्यात आहे का?" पुढे कम्युनिस्ट राजवट गेली, कारखाना गेला, आणि तिने बाजारात टीव्ही दुरुस्तीची टपरी टाकली. टपरीही गेली. हात राहिले.

त्या हातांनी तिने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात नवऱ्यासाठी आवाज बनवला. डब्यावर अक्षरांच्या ओळी होत्या आणि त्यांवरून एक दिवा सरकत जायचा. हवं ते अक्षर आलं की मिंचोने डाव्या हाताने बटण दाबायचं. बटण भंगारात निघालेल्या बसचं होतं, थांबा आला की प्रवासी दाबतात ते मोठं लाल. वाक्य पुरं झालं की डबा ते कॉम्प्युटरला पाठवायचा आणि कॉम्प्युटर मोठ्याने वाचायचा. डब्याची भाषा कॉम्प्युटरला कळावी म्हणून मधे एक दुभाषी बसवला होता, नखाएवढी चिप. अशा दहा चिपांची पुडी तिने टपालाने चीनमधून मागवली होती. प्रत्येकीच्या पाठीवर एका बड्या परदेशी कंपनीचं नाव छापलेलं होतं. किंमत बघूनच डोन्काला कळलं होतं की हे नाव काही त्यांच्या जन्मदात्याने ठेवलेलं नाही. पण चालत होत्या. एकही वाक्य कधी चुकवलं नाही.

डबा पहिल्यांदा जोडला तेव्हा मिंचोने बराच वेळ बटण दाबलं. डोन्का श्वास रोखून उभी. कॉम्प्युटर सपाट आवाजात म्हणाला, "कॉफी पांचट आहे."

डोन्का त्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून रडली, आणि रडता रडता म्हणाली, "मग स्वतः करून पी, म्हाताऱ्या."

चार वर्षं असं चाललं. घरात पुन्हा भांडणं सुरू झाली, जरा सावकाश, पण कडाक्याची. मुलगी रालित्सा लाइपझिगला परिचारिका होती. ती दर रविवारी पडद्यावर यायची आणि बापाकडून शिव्या खाऊन खूश व्हायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला. अपडेट आलं होतं. मिंचोने नेहमीसारखं बटण दाबत दाबत कॉफी मागितली. वाक्य गेलं, आणि त्याच्या आवाजात, ज्या आवाजात तो चार वर्षं बोलत होता त्याच आवाजात, कॉम्प्युटर इंग्रजीतून ओरडला, "उपकरण अस्सल नाही!"

मिंचोने परत दाबलं. "उपकरण अस्सल नाही!" त्याने 'डोन्का' एवढंच लिहिलं. "उपकरण अस्सल नाही!"

तिला कारखान्यातल्या जाडजूड पुस्तकांपुरतं इंग्रजी येत होतं. तेवढं पुरलं. चिपच्या पाठीवर जिचं नाव छापलं होतं त्या खऱ्या कंपनीने चिपचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला त्या दुभाष्याला ओळखणारा छोटा प्रोग्रॅम, बदलून पाठवला होता. हा नवा प्रोग्रॅम समोरची चिप आपली आहे की नकली हे तपासत होता, आणि नकली निघाली की तिचं म्हणणं गिळून तिच्या तोंडात भलतंच वाक्य कोंबत होता.

डोन्काने नवा ड्रायव्हर काढून टाकला, जुना घातला. डबा बोलू लागला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरने तिला न विचारता नवा परत आणला, आणि या खेपेला नुसतं ओरडून तो थांबला नाही. त्याने चिपची ओळखच पुसून टाकली. आता ती कुठल्याच कॉम्प्युटरला दिसेना. तिने पुडीतल्या उरलेल्या चिपा एकामागून एक लावून पाहिल्या, त्याही मेल्या.

मिंचोने बटणावरून हात काढून मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. चिडला असता तर चाललं असतं.

तिने कंपनीला पत्र लिहिलं, मोडक्या इंग्रजीत पण चांगलं खरमरीत. "तुमचं भांडण नकली माल करणाऱ्याशी आहे ना? मग त्याच्या घरी जा. माझ्या नवऱ्याची जीभ का कापता?" उत्तर आलं ते तुपात घोळवलेलं होतं. आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, कृपया अधिकृत विक्रेत्याकडून अस्सल चिप विकत घ्यावी, नकली नष्ट करावी.

"अस्सल मागवून टाक ना," पेना म्हणाली. "चार दिवसांत येईल. कशाला डोक्याला ताप?"

"ज्याने मारलं त्याच्याच दुकानातून कफन आणू? आणि चार दिवस आहेत कुठे माझ्याजवळ?"

ते खरं होतं. रालित्सा रविवारी येणार होती, पडद्यावर नाही, स्वतः. समुद्राकाठी बुर्गासजवळ एक वृद्धाश्रम तिने बघून ठेवला होता. "आई, तूही सत्तरीला आलीस," ती फोनवर म्हणायची, "बाबांना उचलताना एक दिवस दोघं पडाल." पोरगी वाईट नव्हती. घाबरलेली होती. मिंचोने तिला डब्यातून दोनदा ठणकावलं होतं, "मी जाणार नाही." तोवर ती ऐकत होती. आता रविवारी ती येणार, समोर मुका म्हातारा बघणार, आणि मुक्या माणसाच्या वतीने कुणीही ठरवू शकतं. हे डोन्काला कळत होतं आणि मिंचोलाही.

डोन्काचं डोकं फिरलं. आणि डोकं फिरलं की ब्रेस्तोवोतला माणूस जे करणार नाही ते ती करायची. आपल्याकडे घरात कुणी गेलं की काळ्या चौकटीतला कागद दारावर लागतो, बसथांब्यावर, बेकरीच्या भिंतीवर लागतो. फोटो, नाव, वय, खाली शोकाकुल मंडळी. गावात वर्तमानपत्र कुणी वाचो न वाचो, हे कागद सगळे वाचतात. डोन्काने मेलेल्या चिपचा फोटो काढला आणि कागद छापून घेतला.

"अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की आमची लाडकी चिप, वय वर्षे चार, प्रामाणिकपणे काम करत असताना अपडेटच्या हातून अकस्मात निधन पावली. तिच्याकडे जन्माचा दाखला नव्हता, एवढाच तिचा गुन्हा. शोकाकुल: डोन्का आणि मिंचो."

तिने तो मिंचोला वाचून दाखवला. त्याचे खांदे हलू लागले. हसत होता. किती तरी दिवसांनी तिने त्याला हसताना पाहिलं. मग ती बाहेर पडली आणि एक कागद दारावर, एक बसथांब्यावर आणि एक बेकरीपाशी डकवून आली.

आता आपल्या लोकांची एक खोड आहे. काळी चौकट दिसली की डोळे आधी ओले होतात, चष्मा मग निघतो. पेना सकाळी पाव आणायला निघाली, तिने डोन्काच्या दारावर काळी चौकट पाहिली, खाली ठळक अक्षरांत मिंचोचं नाव पाहिलं, आणि तशीच माघारी फिरली. तिने मेलेल्याच्या नावाने वाटतात ते गहू शिजत घातले. त्याआधी आणखी एक काम केलं. लाइपझिगला फोन लावून हुंदके देत रालित्साला म्हणाली, "पोरी, धीर धर. तुझे बाबा गेले गं."

दुपारी दार वाजलं. डोन्काने उघडलं तर पेना काळा रुमाल बांधून उभी, हातात अक्रोड आणि साखर घातलेल्या गव्हाचा वाडगा. तिच्यामागे मिंचोचा जुना सोबती गेनो, हातात राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची बाटली. त्याच्यामागे वाचनालयाच्या नेदाबाई, सहा फुलं घेऊन. सम संख्या, म्हणजे मेलेल्यासाठीच.

"देव त्याला क्षमा करो," गेनो म्हणाला, आणि रिवाजाप्रमाणे बाटलीतली थोडी राकिया जमिनीवर ओतली. "तोंडाचा फटकळ होता, पण ब्रेक कधी चुकला नाही त्याचा."

"डोन्का, कधी गं झालं? कसं झालं?" पेनाने तिला मिठीच मारली.

डोन्का बाजूला सरकली. आत खिडकीपाशी मिंचो बसलेला होता, मांडीवर घोंगडी, डोळे टक्क उघडे. पेनाच्या हातून वाडगा सुटला. गहू जाजमावर पसरले. गेनोने बाटलीतून एक घोट स्वतःच घेतला.

"कागद वाचता येतो का तुम्हाला?" डोन्का कडाडली. "का काळं दिसलं की रडायचं एवढंच शिकलात शाळेत? त्याचा आवाज मेलाय, तो नाही!"

"मग असं लिहितात का दारावर?" पेनाही पेटली. "माझा जीव जायची वेळ आली! साखर गेली ती वेगळीच! आणि मी रालित्साला..."

फोन वाजायला लागला होता. रालित्सा विमानतळावर होती. डोन्काने तिला खरं काय ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं, आणि मग रडण्याचा संताप झाला. "आई, तुला वेड लागलंय! बाप मेला म्हणून मी बॅग भरली! त्यांची अशी थट्टा? पुरे झालं. आश्रमात जागा राखून ठेवलीय मी. ठरल्याप्रमाणे रविवारी येते, आणि सोमवारी सकाळी त्यांना घेऊन निघायचं. आता ऐकून घेणार नाही."

डोन्काने फोन ठेवला. आपल्याच मस्तीने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि पाय मिंचोचा होता. ती खाली बसून जाजमावरचे गहू वेचू लागली.

नेदाबाई एवढा वेळ हातात मेलेला डबा घेऊन तो उलटसुलट करत होत्या. शांत बाई, शाळेतून निवृत्त होऊन वाचनालय सांभाळायच्या. "डोन्का, हा दुभाषी लागतोच का?" त्यांनी विचारलं.

"आताच्या कॉम्प्युटरला लागतो. पूर्वीच्यांना मागे नऊ टाचण्यांचं भोक असायचं. त्यात थेट तार घातली की झालं."

"वाचनालयाच्या तळघरात तसा एक जुना कॉम्प्युटर पडलाय. आंधळ्या स्तोयनला पुस्तकं वाचून दाखवायचा. तो गेल्यापासून कुणी हात लावला नाही. मागे भोक आहे, टाचण्या मोजल्या नाहीत मी."

डोन्काने मान वर केली. "तो बोलतो?"

"बोलायचा. जरा सर्दी झाल्यासारखा."

गेनोने राकिया खाली ठेवली आणि कोट चढवला. तासाभरात तो आणि नेदाबाई हातगाडीवर ते धूड घालून आले. पिवळा पडलेला, कडेला उंदराने कुरतडलेला, पण मागे भोक होतं आणि त्यात टाचण्या नऊच होत्या. डोन्काने डब्यातली चिप उपटून काढली. तिच्या जागी कारखान्यातल्या दिवसांपासून जपलेला एक भाग बसवला, तारा बदलल्या, डाग दिले. पेना दिवा धरून उभी होती आणि रागही धरून होती. "साखर मी परत घेणार आहे," ती मधूनमधून म्हणे.

"घे गं बाई, घे. दिवा नीट धर आधी."

शुक्रवारी जमलं नाही. शनिवारी पडदा लागला, पण अक्षरांऐवजी काहीबाही चिन्हं येऊ लागली. डोन्काने सगळं उपटून पुन्हा पहिल्यापासून लावलं. जेवली नाही. मिंचो खुर्चीतून बघत होता. एकदा तिने चिडून पकड भिंतीवर फेकली, तेव्हा त्याने डाव्या हाताने मांडीवर दोनदा थापटलं. उठ, असं. ती उठली.

"इंटरनेट लावू का याला?" गेनोने विचारलं.

"लाव, आणि मी तुझे हात तोडते," डोन्का म्हणाली. "याच्यात आता कुणीही बाहेरचा शिरणार नाही. बड्या कंपनीला मिंचोशी बोलायचं असेल तर दार वाजवून यावं."

रविवारी दुपारी रालित्सा आली. डोळे सुजलेले, तोंड घट्ट मिटलेलं. तिने बापाच्या कपाळाचा मुका घेतला, बराच वेळ त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली, आणि मग आईच्या समोर टेबलाशी बसली. तिने बॅगेतून आश्रमाचे फोटो काढून पुढे ठेवले. समुद्र, बाग, पांढऱ्या खाटा. कोपऱ्यातल्या पिवळ्या धुडाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आईची आणखी एक खटपट, दुसरं काय. मिंचो तिच्या पाठीमागे होता.

"चांगली माणसं आहेत, आई. चोवीस तास परिचारिका. खोली समुद्राच्या बाजूची मिळतेय."

डोन्काच्या तोंडात शंभर उत्तरं होती. तिने जीभ दाताखाली धरली, आणि ही गोष्ट डोन्काला ओळखणाऱ्यांना खोटी वाटेल.

मागे लाल बटणाचा आवाज होत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. टक.

"तू काही बोलत का नाहीस? मला काय वाईट वाटत नाही का? पण त्यांना बोलता येत नाही, उठता येत नाही. तूच सांग," रालित्साचा आवाज चिरकला, "बाबांना तिथे बरं वाटेल ना? काय हवंय त्यांना?"

कोपऱ्यातून घोगरा, सर्दी झाल्यासारखा, गावात आधी कुणाचाच नसलेला आवाज आला.

"माझं तोंड इकडे आहे. मला विचार."